परवाना आणि कुलूप
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, एव्हरशाईन सिटी, वसई येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या वार्षिक संमेलनातील व्याख्यानाचा विषय बहुधा शिक्षणाचा, आरोग्याचा अथवा समाजसेवेचा असतो. ह्या वर्षी मंडळाने मला संगणकाच्या आज्ञावलीविषयी, म्हणजे ज्याला आपण सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतो त्याविषयी, बोलावयास सांगितले, ह्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. हा विषय प्रथमदर्शनी चार तज्ज्ञांपुरता वाटेल. पण आता तो तसा राहिलेला नाही. आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुले-मुली सकाळी वसई रोड स्थानकावरून गाडी पकडून मुंबईच्या कचेऱ्यांत आज्ञावली लिहावयास जातात. आणि त्यांतील काही उद्योगी मंडळी रात्री घरी परतल्यावर स्वतःची म्हणून एखादी आज्ञावली रचीत बसतात. कोणी गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल-आकाराचा हिशेब ठेवणारी, कोणी दवाखान्यातील रुग्णांची नोंद राखणारी, तर कोणी किराणा दुकानाची बिले करणारी. ही त्यांची मिळकत आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी बाग लावली तेव्हा तिला कुंपण घातले, दुकान थाटले तेव्हा त्याला कुलूप लावले. मग ह्या नव्या मिळकतीला कुंपण कोणते आणि कुलूप कसले, हा प्रश्न ह्या पिढीपुढे उभा आहे. त्याचाच आज विचार करू.

प्रथम ह्या मिळकतीचा स्वभाव पाहा. वसईच्या बागेतून केळीचा घड चोरीस गेला, तर झाड उघडे पडते आणि मालकाला चोरी लगेच कळते. आज्ञावलीचे तसे नाही. तिची नक्कल केली तरी मूळ प्रत जागच्या जागी शाबूत राहते; आणि शंभर ठिकाणी फुकट चाललेल्या शंभर प्रतींची मालकाला वार्ताही लागत नाही. ही तक्रार नवी नव्हे. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स ह्या तेव्हाच्या वीस वर्षांच्या तरुणाने अमेरिकेतील संगणक-छांदिष्टांना एक अनावृत पत्र लिहिले. आम्ही रचलेली ‘बेसिक’ भाषेची आज्ञावली तुम्हांपैकी बहुतेकजण मोल न देता वापरता, मग चांगल्या आज्ञावली लिहावयाच्या कोणी आणि कशाच्या बळावर, असा त्या पत्राचा रोख होता. पुढे मायक्रोसॉफ्ट केवढी मोठी झाली हे आपण जाणतोच. परंतु त्या पत्रातला प्रश्न आजही प्रत्येक लहान आज्ञावलीकाराच्या दाराशी येऊन उभा राहतो.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. कारण कुलपाचा विचार कायद्यापासून सुरू व्हावा लागतो. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट अधिनियम, म्हणजे स्वामित्वहक्काचा कायदा आहे. १९८४ च्या दुरुस्तीने त्यात संगणक-आज्ञावलीला ‘साहित्यकृती’मध्ये स्थान मिळाले, आणि १९९४ च्या दुरुस्तीने, जी १० मे १९९५ पासून अमलात आली, त्या तरतुदी अधिक पक्क्या झाल्या. म्हणजे कादंबरीकाराला आपल्या कादंबरीवर जो हक्क, तोच आज्ञावलीकाराला आपल्या आज्ञावलीवर. तो हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षे टिकतो, आणि त्यासाठी नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. कलम ६३-ब अन्वये चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा असून त्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपासून २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. धंद्यासाठी वापर झाला नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आले, आणि हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप फोडणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरला. त्याचबरोबर कलम ५२ ने प्रामाणिक ग्राहकालाही विसरलेले नाही. प्रत हरवण्या-बिघडण्याच्या भीतीने एक राखीव नक्कल ठेवण्याची मुभा त्याला दिलेली आहे. कायद्याने दोन्ही पारड्यांत वजन टाकले आहे, हे ध्यानात ठेवावे.

येथे तरुणांना एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. नोकरीच्या ओघात लिहिलेली आज्ञावली, वेगळा करार नसेल तर, मालकाची असते. म्हणून रात्री घरी बसून स्वतःची आज्ञावली लिहिणाऱ्याने आपले नेमणूकपत्र प्रथम नीट वाचावे. काही नेमणूकपत्रांत नोकराच्या सर्वच निर्मितीवर हक्क सांगितलेला असतो. उलट बाजूने, तुम्ही स्वतंत्र धंदा करीत असून एखाद्या डॉक्टरांनी पैसे देऊन तुमच्याकडून आज्ञावली करून घेतली, तर केवळ पैसे दिल्याने स्वामित्व त्यांच्याकडे जात नाही. त्यासाठी सहीनिशी लेखी हस्तांतर लागते, आणि त्या लेखात मुदत घातली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. तोंडी बोलीवर चाललेले व्यवहार मैत्रीत सुरू होतात आणि वैरात संपतात. दोन पानांचा करार लिहून घेण्यात कोणताही अविश्वास नाही.

आता परवान्याकडे वळू. बाग विकणे निराळे आणि बागेतला घड विकणे निराळे. आज्ञावलीकार ग्राहकाला बहुधा बाग विकीत नाही. ठरावीक अटींवर फळ खाण्याची मुभा देतो. २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘इंजिनिअरिंग ॲनालिसिस’ ह्या खटल्यात, प्राप्तिकराच्या संदर्भात का होईना, हाच भेद स्पष्ट केला. तयार आज्ञावलीची प्रत घेणाऱ्याला वापराची परवानगी मिळते, कर्त्याच्या स्वामित्वहक्काचा हिस्सा मिळत नाही. तेव्हा ‘मी कुलूप कोणते लावू?’ हा प्रश्न दुसरा होय. ‘मी ग्राहकाला नेमके काय देत आहे?’ हा पहिला. किती संगणकांवर? किती माणसांना? किती काळ? संगणक बदलला तर काय? पुढच्या सुधारणा ह्याच मोलात की वेगळ्या? आपल्या व्यापाऱ्यांच्या परिचयाच्या ‘टॅली’चेच उदाहरण घ्या. एका संगणकासाठी एक परवाना आणि दुकानातील अनेक संगणकांच्या जाळ्यासाठी दुसरा, असा स्वच्छ भेद तिने ठेवला. दुकानदाराला तो दोन वाक्यांत समजतो. ज्या परवान्याच्या अटी ग्राहकाला समजत नाहीत, तो परवाना प्रामाणिक माणसालाही चोर बनवितो.

मोफत वाटणी हाही एक परवानाच आहे, हे विसरू नये. रिचर्ड स्टॉलमन ह्यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये निघालेला जीपीएल परवाना कोणालाही आज्ञावली वापरू, बदलू आणि वाटू देतो; मात्र वाटणाऱ्याने मूळ संहिताही त्याच अटींवर द्यावी, असे बंधन घालतो. एमआयटी आणि अपाची ह्या परवान्यांत हे बंधन नाही. आपल्या तरुणांच्या आज्ञावलीत इतरांनी लिहिलेले शेकडो तयार भाग बसवलेले असतात. त्यांतला एखादा भाग जीपीएलचा असेल आणि वर आपण बंदिस्त माल म्हणून तो विकीत असू, तर चोरीची तक्रार करण्यापूर्वी आपण स्वतः कोणाची अट मोडीत तर नाही ना, हे तपासले पाहिजे.

परवाना ठरला, की मग कुलूप. कुलपांचे प्रकार अनेक आहेत. पण त्यांतले मर्म समजण्यास आपल्या इतिहासातील सनदेची आठवण पुरे. सनदेवर घेणाऱ्याचे नाव, दिलेला हक्क आणि तारीख लिहीत, आणि तीवर शिक्का-मोर्तब करीत. शिक्क्याचा ठसा कोणालाही ओळखता येई. परंतु शिक्का मात्र धन्याच्याच घरी राही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन ह्या तीन गणितज्ञांनी हीच किमया संख्यांच्या बळावर साधली. आज्ञावलीकार आपल्याजवळ एक गुप्त किल्ली ठेवतो आणि तिची उघड जोडकिल्ली आज्ञावलीत घालतो. ग्राहकाचे नाव, मुदत आणि संगणकांची संख्या लिहिलेल्या लहानशा फाईलवर गुप्त किल्लीने सही केली, की आज्ञावली उघड किल्लीने ती सही पारखते. एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. ह्यासाठी ग्राहकाला इंटरनेट लागत नाही, आणि आज्ञावलीकाराला फारसा खर्चही येत नाही. लहान धंद्यासाठी माझ्या मते हीच पहिली पायरी होय. साधा आकड्या-अक्षरांचा क्रमांक, ज्याचा हिशेब आज्ञावलीच्या पोटातच दडलेला असतो, तो ह्याहून पुष्कळ कच्चा. कारण तो हिशेब एकदा कोणी उलगडला, की हवे तेवढे क्रमांक पाडता येतात.

मग कोणी विचारील, ही सही तर बनवता येत नाही, तरीही आज्ञावली चोरीस कशी जाते? उत्तर असे, की चोर शिक्का बनवीत बसत नाही, तो दाराशी उभ्या पहारेकऱ्यालाच वश करतो. सही तपासणारी ओळ काढून टाकली, की सही असली काय आणि नसली काय! आपला वसईचा किल्ला १५३४ पासून पोर्तुगीजांच्या हाती होता. दोनशे वर्षे तो दुर्भेद्य मानला गेला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने तटाखाली सुरुंग पेरून तो घेतलाच. जेथे दगडी तट टिकला नाही, तेथे ग्राहकाच्याच घरी राहणारे, त्याच्याच यंत्रावर चालणारे कुलूप कायमचे टिकेल, असे जो विक्रेता सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. कुलपाचे काम प्रामाणिक माणसाला मोहापासून दूर ठेवणे आणि चोराचा वेळ खाणे, एवढेच. ह्याहून अधिक त्याच्याकडून मागू नये, आणि ह्याहून अधिक मोलही देऊ नये.

ह्यावर उपाय म्हणून काहीजण यंत्राला लावावयाचे कुलूप निवडतात. त्यास डोंगल म्हणतात. बोटाएवढी ही वस्तू संगणकाला जोडलेली असेल तरच आज्ञावली चालते. महागड्या अभियांत्रिकी आज्ञावलींसाठी ते योग्यही असेल. पण त्याबरोबर तुम्ही कुलूप करणाऱ्याशी दीर्घकाळचा संसार मांडता, हे ध्यानात असू द्यावे. इस्रायलमधील अलादीन ह्या कंपनीचे ‘हॅस्प’ नावाचे डोंगल जगभर चालले. २००९ मध्ये ती कंपनी विकली गेली आणि तिचा धंदा सेफनेटकडे गेला, २०१५ मध्ये सेफनेट जेमाल्टोकडे आणि २०१९ मध्ये जेमाल्टो थेल्सकडे गेली. कुलूप तेच, मालक मात्र तीनदा बदलले. शिवाय कुलपाची साहाय्यक आज्ञावली ग्राहकाच्या संगणकात खोलवर बसते. २०१८ च्या आरंभी कॅस्परस्कीच्या संशोधकांनी ह्याच घराण्यातील कुलपाच्या साहाय्यक आज्ञावलीत चौदा उणिवा दाखवून दिल्या. त्या पुढे दुरुस्त झाल्या. दोष कोणाच्याही हातून राहतो. परंतु ग्राहकाच्या घरात आपण बसविलेल्या कुलपाच्या वाटेने दुसराच कोणी आत शिरला, तर ग्राहक आपल्याकडेच बोट दाखवील.

संरक्षणाचा अतिरेक कोठवर जातो, ह्याची दोन उदाहरणे सांगतो. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी ह्या बंधूंनी ‘ब्रेन’ नावाची एक आज्ञावली लिहिली. त्यांच्या वैद्यकीय आज्ञावलीच्या चोरट्या प्रतींचा माग लागावा, असा आपला हेतू असल्याचे त्यांनी पुढे सांगितले. तीत त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता. ती फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरत देशोदेशी पोहोचली आणि आज तिची गणना व्यक्तिगत संगणकांवरील पहिल्या विषाणूंत होते. दुसरे उदाहरण २००५ चे. सोनी बीएमजी कंपनीने संगीताच्या लाखो तबकड्यांत नक्कल रोखणारी आज्ञावली घातली. ती ग्राहकाच्या संगणकात त्याच्या नकळत लपून बसे, आणि तिच्या आडोशाने इतर विषाणूंनाही लपता येई. मोल देऊन तबकडी घेणाऱ्यालाच उपद्रव झाला. चोरट्या प्रतीच्या वाट्याला मात्र तो आला नाही! कंपनीला तबकड्या परत घ्याव्या लागल्या आणि खटलेही निस्तरावे लागले. आपल्या तरुणांनी ह्यावरून बोध घ्यावा. ग्राहकाने पैसे थकविले म्हणून त्याची माहिती पुसून टाकणारा सुरुंग आज्ञावलीत पेरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली अपराध होऊ शकतो. थकबाकीसाठी नोटीस आहे, न्यायालय आहे. दुसऱ्याची वही जाळणे हा वसुलीचा मार्ग नव्हे.

तिसरा प्रकार इंटरनेटवरून दरवेळी परवानगी मागणाऱ्या कुलपाचा. आज तोच सर्वांत लोकप्रिय आहे, आणि वसईकराने तोच सर्वांत जपून वापरावा. २०१८ च्या जुलैतील पूर आपण कोणी विसरलेलो नाही. रुळांवर पाणी आले, गाड्या बंद पडल्या, मिठागरांत माणसे अडकली, आणि अनेक भागांत वीज बंद ठेवावी लागली. अशा दिवशी जनित्रावर दिवा लावून डॉक्टर रुग्ण तपासावयास बसले, आणि ‘परवाना-केंद्राशी संपर्क होत नाही’ असे सांगून आज्ञावलीने रुग्णाची जुनी नोंद दाखविण्यास नकार दिला, तर त्या कुलपाने कोणाचे रक्षण केले? म्हणून असे कुलूप लावायचेच असेल, तर संपर्क तुटल्यावरही किमान काही आठवडे आज्ञावली चालू राहावी. आणि मुदत सरली तरी नवी नोंद थांबावी, जुनी नोंद वाचणे आणि छापून घेणे कधीही थांबू नये. ग्राहकाच्या यंत्राची ओळख टिपताना लागेल तेवढीच माहिती घ्यावी. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाचे भान ठेवावे.

ह्या शेवटच्या मुद्द्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या मराठी छपाईतच आहे. १९९० च्या दशकात खिळ्यांची जुळणी मागे पडून संगणकावर मराठी मजकूर उमटू लागला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, ‘आकृती’, आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकची भाषासाधने ह्यांनी ही क्रांती घडवून आणली. गावोगावच्या छापखान्यांना त्यांनी संगणकावर मराठी दिली, हे ऋण मोठे आहे. ती विकणाऱ्यांना आपला माल राखण्यासाठी यंत्राचे कुलूप लावावे लागले, ह्यातही गैर काही नव्हते; अक्षररचनेसाठी वर्षानुवर्षे खपलेल्यांची मेहनत चकटफू वाटली जावी काय? पण त्या काळाची एक अडचण अशी, की प्रत्येकाच्या टंकाची आतली मांडणी निराळी होती. एकाच्या टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या टंकात उघडला, की पानभर निरर्थक चिन्हे दिसत. वास्तविक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ‘इस्की’ संकेत मान्य झाला होता, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली होती. विंडोज २००० पासून ती सर्वसामान्य संगणकांतही आली. तरी मधल्या वर्षांतले कितीतरी साहित्य जुन्या मांडणीतच राहिले. आपल्यासारख्या मंडळांच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, लेखकांची हस्तलिखिते ह्यांच्या फाईली आहेत. पण टंक नाही, टंक आहे तर डोंगल नाही, डोंगल आहे तर ते जोडण्याची जुनी खाच नव्या संगणकाला नाही. कुलूप आज्ञावलीला लावले होते, आणि त्यात अडकले ते लेखकाचे शब्द.

ज्ञातिबंधूंनो, आजच्या व्याख्यानातील माझे मुख्य सांगणे हेच आहे. आज्ञावली ही आज्ञावलीकाराची मिळकत. तिला त्याने अवश्य कुलूप लावावे. परंतु तीत ग्राहकाने भरलेला हिशेब, रुग्णाची नोंद, लिहिलेला लेख ही ग्राहकाची मिळकत होय. बँक तिजोरीला कुलूप लावते. ठेवीदाराचे दागिने आपले म्हणत नाही. जे कुलूप निवडाल, त्यावर ही एक कसोटी लावा: हे कुलूप उद्या बिघडले, कुलूप करणारी कंपनी बुडाली किंवा मी स्वतः ह्या जगात नसलो, तर माझ्या प्रामाणिक ग्राहकाला त्याचे स्वतःचे कागद परत मिळतील काय? उत्तर ‘होय’ नसेल, तर ते कुलूप कितीही बळकट असो, घेऊ नका. आणि सर्वांना वाचता येईल अशा सर्वमान्य स्वरूपात माहिती बाहेर काढण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.

कुलपावाचूनही मिळकत राखता येते, हेही आपल्याच मुलखातील एका उद्योगाने दाखविले आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या कैलास काटकर ह्यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर-दुरुस्तीपासून आरंभ केला. त्यांचे धाकटे बंधू संजय ह्यांनी, दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांना विषाणूंनी ग्रासलेले पाहून, १९९० च्या दशकात विषाणूनाशक आज्ञावली लिहिली. तीच ‘क्विक हील’. २००७ मध्ये कंपनीने तेच नाव धारण केले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. तिच्या खोक्यात परवान्याचा क्रमांक असे, हे खरे; पण ह्या मालाचे बळ त्याच्या स्वरूपात आहे. नवे विषाणू रोज निघतात, म्हणून नव्या उताऱ्याचा पुरवठा रोज हवा. चोरलेली प्रत कालची होते आणि काल निरुपयोगी असतो. ज्याच्या मालाबरोबर चालू सेवा आहे, त्याला चोराचे भय निम्मे. आपल्या तरुणांनीही हेच करावे. गृहनिर्माण संस्थेचे नियम बदलले, कराचा दर बदलला, की आज्ञावलीत सुधारणा करून द्यावी, दूरध्वनी उचलावा, चिटणीस बदलले की नव्या चिटणिसांना शिकवावे. ह्या सेवेची नक्कल कोणी करू शकत नाही.

व्यवहारात मग निवड कशी करावी? ज्याचे ग्राहक थोडे आणि ओळखीचे आहेत, त्याला स्वच्छ लेखी परवाना आणि सही केलेली परवाना-फाईल पुरेशी आहे. ज्याचे ग्राहक अनोळखी आणि दूरवर पसरलेले आहेत, त्याने एकदाच नोंदणी करून घेणारे, पण संपर्क तुटल्यास सवलत देणारे कुलूप घ्यावे. एका कचेरीत पन्नास माणसे आलटून-पालटून एक आज्ञावली वापरीत असतील, तर एका वेळी दहाजणांना मुभा देणारा सामायिक परवाना दोघांनाही परवडतो. फार महाग आणि मोजक्या गिऱ्हाइकांच्या मालालाच डोंगल शोभते. आणि आज्ञावली आपल्याच यंत्रावर ठेवून ग्राहकाला केवळ तिचे दार दाखविणे, ही जी रीत आता रूढ झाली आहे, तीत नक्कल करायला प्रतच नसते. मात्र ग्राहकाची सारी माहिती आपल्या पदरात येते, आणि ती जोखीम कुलपाच्या जोखमीहून मोठी आहे. कुलूप विकत घेण्यापूर्वी एक हिशेब मांडावा. चोरीने वर्षाला किती बुडते, आणि कुलपाचे मोल, ‘किल्ली चालत नाही’ म्हणून येणारे दूरध्वनी आणि वैतागून निघून गेलेली गिऱ्हाइके ह्यांत किती जाते? ज्या बागेचे कुंपण बागेच्या उत्पन्नाहून महाग, तिचा मालक शहाणा नव्हे.

आणखी एक गोष्ट कुटुंबातील वडीलधाऱ्यांसाठी. घराचे कागद, विम्याची पॉलिसी, दागिन्यांची यादी आपण जपून ठेवतो. मुलाने लिहिलेली आज्ञावलीही वारसाहक्काने जाणारी मिळकत आहे. कायद्याने ती त्याच्या पश्चात ६० वर्षे कुटुंबाची राहते. पण गुप्त किल्ली कोठे आहे, मूळ संहिता कोठे आहे, ग्राहकांची यादी कोणती, हे एकट्यालाच ठाऊक असेल, तर वारसांच्या हाती हक्क येतो आणि मिळकत येत नाही; ग्राहकही वाऱ्यावर सुटतात. म्हणून गुप्त किल्लीची एक प्रत मोहोरबंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी, मृत्युपत्रात तिचा उल्लेख करावा, आणि मोठ्या ग्राहकाने मागितल्यास मूळ संहिता त्रयस्थाकडे अनामत ठेवण्याचा करार करावा.

शेवटी आपणा सर्वांना एक विनंती. आपण ह्या सभागृहात आज्ञावलीकारांचे पालक म्हणून बसलो आहोत, तसेच ग्राहक म्हणूनही. मुलाने महिनोन्‌महिने जागून रचलेली आज्ञावली कोणी फुकट वापरली, की आपण हळहळतो. आणि त्याच घरात, त्याच संगणकावर, कोठून तरी आणलेली चोरीची प्रत बिनदिक्कत चालू असते. अशा प्रतीबरोबर विषाणू येतात हे तर खरेच. पण त्याहून मोठी हानी अशी, की घरातली लहान मुले त्यावरून मेहनतीला मोल नसते असे शिकतात. ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी आज मोफत परवान्याच्या उत्तम आज्ञावली आणि युनिकोडमधील सुंदर देवनागरी टंक उपलब्ध आहेत. त्यांचा अवश्य लाभ घ्यावा. मंडळाच्या कचेरीतील संगणकापासूनच ह्याचा आरंभ व्हावा, असे मी सुचवितो. तसेच मंडळाच्या जुन्या स्मरणिकांचा जो मजकूर जुन्या टंकांत अडकला असेल, तो युनिकोडमध्ये उतरवून घेण्याचे काम आपल्या तरुण आज्ञावलीकारांनी हाती घ्यावे. ज्यांच्या हाताला कुलूप करता येते, त्यांनी आपल्या पूर्वसूरींचे अडकलेले शब्द मोकळे करावेत, ह्याहून योग्य सेवा कोणती?